पक्षी सप्ताह आणि आपला समुद्रकिनारा
(अलिबाग तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्या राज्यात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळण्यात येतो. शासनाने २०२० साली ही प्रथा सुरू केली. या सप्ताहाच्या दोन टोकांना दोन थोर पक्षिअभ्यासकांचे जन्मदिवस आहेत. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. या दोघांच्या जन्मतिथींमध्ये सातच दिवसांचे अंतर असावे हा केवळ योगायोग. परंतु तो आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने मोठा भाग्याचा योगायोग आहे. कारण उत्तरेकडील थंड प्रदेशांतून निघालेले जलचर पक्षी श्रावण-भाद्रपदापासून कोकणच्या किनाऱ्यावर उतरू लागतात, आणि कार्तिकाच्या सुमारास त्यांचे थवे येथे स्थिरावलेले असतात. सप्ताहासाठी याहून चांगला काळ शोधून सापडला नसता.

हा सप्ताह कसा साजरा करावा याविषयी आपणांस सूचना मिळतच असतात. निबंध, चित्रे, घोषवाक्ये, प्रभातफेरी हे सर्व आपल्या अंगवळणी पडलेले आहे. त्याविषयी मी आज बोलणार नाही. समुद्रकाठच्या शाळेने या आठ दिवसांत मुलांना घेऊन किनाऱ्यावर जावे, नेमके केव्हा जावे, तेथे काय पाहावे आणि पाहिलेले कोठे लिहावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

‘केव्हा’ हा प्रश्न मी प्रथम घेतो, कारण बहुतेक कार्यक्रम तेथेच फसतात. काही वर्षांपूर्वी एका किनारी गावातील शाळेने मला अशाच कार्यक्रमास बोलावले होते. मांडव घातला होता, ध्वनिक्षेपक आणला होता, पाहुण्यांचे सत्कार व्हावयाचे होते. वेळ दुपारी बाराची. त्या वेळी समुद्र ओहोटीने दूर गेलेला, मधे रिकामी ओली वाळू, आणि पक्षी म्हणाल तर पाण्याच्या कडेला ठिपक्यांएवढे. भाषणे चालू असताना कोळीवाड्यातील चौथीचा एक मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “गुरुजी, आता पाखरा दिसाची नाय. पानी भरताना या.” त्या दिवशीच्या सर्व भाषणांत ज्ञानाचे असे हे एकच वाक्य होते, आणि ते व्यासपीठावरून उच्चारले गेले नाही.

त्या मुलाचे म्हणणे शब्दशः खरे होते. किनाऱ्यावरील लहानमोठे पक्षी ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर आणि वाळूवर पसरून किडे, कृमी, शिंपले, लहान खेकडे टिपत असतात. पाणी जसजसे ओसरते तसतसे तेही समुद्राकडे सरकत जातात. भरतीचे पाणी चढू लागले म्हणजे त्यांची चरण्याची जागा आक्रसत जाते आणि पाण्यापुढे सरकत सरकत ते किनाऱ्याजवळ, म्हणजे आपल्याजवळ येतात. पूर्ण भरतीच्या वेळी ते एखाद्या वाळूच्या उंचवट्यावर वा खडकावर दाटीवाटीने विसावतात. यावरून उघड होते की, पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास हा पक्षी पाहण्याचा उत्तम समय. आपण स्वस्थ बसावे. पक्षी आपण होऊन पुढे येतात.

भरतीची वेळ काढण्यास कोणतेही यंत्र नको. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीस सहा, चतुर्थीस तीन. पौर्णिमेस वा अमावास्येस हिशेबाने सव्वाअकरा येतात आणि प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपासही भरते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणे धरूनच चालावे. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि तिथीमागे पाऊण तास वाढविणारा हा हिशेब त्याच गोष्टीवर उभा आहे. मुलांना पाऊणकीचा पाढा शिकविताना आपण आंबे आणि रुपये घेतो; किनाऱ्यावरच्या शाळेत भरतीची वेळ घेऊन तो शिकविला तर गणित आणि भूगोल एकाच वेळी पदरात पडतील.

सप्ताह तारखेने ठरतो आणि समुद्र तिथीने चालतो, हे येथे ध्यानात ठेवावयाचे. म्हणून नोव्हेंबर उजाडण्यापूर्वी मुलांकडूनच पंचांग उघडवावे, ५ ते १२ या तारखांस कोणत्या तिथी येतात ते फळ्यावर मांडावे, आणि प्रत्येक दिवसाची भरती काढून शाळेच्या सोयीची वेळ निवडावी. त्या दिवसांत दशमी ते त्रयोदशी आली तर सकाळची शाळा किनाऱ्यावर भरविता येईल. अष्टमीच्या आसपास दुपारनंतर जाता येईल. मात्र एक खबरदारी अवश्य घ्यावी. चढत्या पाण्यात खाडीच्या चिखलावर वा खडकांच्या टोकांवर मुलांस नेऊ नये. जागा निवडताना गावातील एखाद्या जाणत्या मच्छीमारास विचारावे, आणि शक्य तर त्यालाच बरोबर घ्यावे.

आता हे पाहुणे कोण, ते पाहू. आक्षी, नागाव, रेवदंडा, किहीम अशा कोणत्याही किनाऱ्यावर हिवाळ्यात उभे राहिलात तर प्रथम डोळ्यांत भरतात ते कुरव. तपकिरी डोक्याचा कुरव हा त्यांपैकी एक. हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे होते, आणि कानाशी एक काळसर ठिपका तेवढा उरतो. नाव एक आणि रूप दुसरे असे पाहून मुले हटकून हसतात. हा पक्षी मध्य आशियाच्या उंच पठारांवरील सरोवरांकाठी वीण घालतो, आणि आपल्या देशातील लडाखमध्येही घालतो. साडेचार हजार मीटर उंचीवरील त्सो मोरिरी सरोवराच्या परिसरात जन्मलेला पक्षी समुद्रसपाटीवरील आपल्या वाळूवर येऊन हिवाळा काढतो, हे नकाशावर बोट फिरवून दाखविले म्हणजे चौथीच्या मुलाला ‘भारत देश’ हा पाठ निराळ्याच रीतीने कळतो.

त्याहून नवल छोट्या टिलव्याचे. वजन अवघे पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे आपल्या घरचिमणीएवढे. त्याचे जन्मस्थान उत्तर ध्रुवाजवळचा, वर्षातील बराच काळ गोठलेला प्रदेश. तेथील उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्यात घरटे, अंडी, पिल्ले सर्व उरकून परतीची वाट धरावी लागते. किनाऱ्यावरील या वर्गातील अनेक पक्ष्यांमध्ये जाणती पाखरे आधी निघतात, आणि त्याच उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले मागाहून स्वतंत्रपणे निघतात. वाट दाखविण्यास आई नाही, बाप नाही. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या साहाय्याने ती दिशा धरतात असे शास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. तरीही जन्मजात ज्ञान म्हणजे नेमके काय, हे कोडे माणसाला अजून पुरते सुटलेले नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात गॉडविट जातीचा एक पक्षी अलास्काहून निघाला तो कोठेही न उतरता ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर पोहोचला. अंतर सुमारे १३,५६० किलोमीटर, काळ अकरा दिवस, आणि पक्ष्याचे वय पाच महिने! पाठीवरील लहानशा उपकरणाने उपग्रहाद्वारे त्याचा सर्व मार्ग नोंदला गेला म्हणून यावर विश्वास ठेवावा लागतो.

किनाऱ्यावर गेल्यावर मुलांस पक्ष्यांची नावे घोकावयास लावू नयेत. आधी चोची पाहावयास सांगावे. चिखल्या पक्ष्याची चोच आखूड, डोळा मोठा. तो चार पावले धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. तुतारी चिखलात चोच खुपसून चाचपते. कोरलाची चोच लांबलचक आणि खाली वाकलेली. बिळात खोल दडलेला खेकडा तिच्यातून सुटत नाही. एकाच वाळूवर शेकडो पक्षी शेजारी शेजारी जेवतात आणि त्यांत फारसे भांडण होत नाही, कारण प्रत्येकाचे ताट निराळ्या खोलीवर वाढलेले आहे. दोन मुलांनी मिळून एकच पक्षी दहा मिनिटे पाहावा आणि त्याने किती वेळा टिपले ते मोजावे, एवढा पाठ पहिल्या दिवसाला पुष्कळ झाला. दुर्बीण नसली तरी अडत नाही. एखादी असली तर पाळीपाळीने पाहावे.

साधने नसल्याची सबब सांगणाऱ्यांना मी नेहमी किहीमची आठवण देतो. १९३० साली सलीम अली जर्मनीतील शिक्षण आटोपून परतले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची पूर्वीची जागा पैशाअभावी बंद झाली होती. पत्नी तहमिना यांच्या माहेरच्यांचे घर किहीमला होते. तेथे हे दांपत्य येऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. सलीम अलींनी त्या घरट्यांशेजारी बसण्याची सोय केली, आणि पावसाळ्याचे ते महिने तेथे बसून प्रत्येक घरट्याची स्वतंत्र नोंद ठेवली. नर एकामागून एक घरटी बांधतो, मादी अर्धवट बांधलेले घरटे पारखून पसंत करते, मग तो नर त्याच हंगामात दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे घेतो, ही सर्व व्यवस्था त्यांनी उलगडून दाखविली. १९३१ साली तो निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या कीर्तीचा पाया घातला गेला. हे सर्व आपल्याच तालुक्यात घडले. आपल्या किती विद्यार्थ्यांना ते ठाऊक आहे, हे आपण प्रत्येकाने वर्गात विचारून पाहावे.

याच संस्थेने सलीम अलींच्या प्रेरणेने १९५९ साली पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालण्याचे मोठे कार्य हाती घेतले. कडी घातलेला पक्षी दूरदेशी सापडला म्हणजे त्याच्या प्रवासाची दोन टोके जुळतात. आपल्या मुलांना एखाद्या पक्ष्याच्या पायात कडे किंवा रंगीत पट्टी दिसली, तर रंग, पाय डावा की उजवा, आणि वाचता आल्यास अक्षरे टिपून ती संस्थेला कळवावीत. पक्षी पकडू मात्र नये.

सप्ताह संपल्यावर काय, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या दक्षिण टोकाला केप मे नावाचे गाव आहे. एका बाजूस अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूस डेलावेअरचा उपसागर, आणि मधे जमिनीचे निमुळते टोक. दक्षिणेकडे निघालेले पक्षी उघडे पाणी ओलांडण्यापूर्वी या टोकाशी गोळा होतात. तेथे ऑक्टोबर महिन्यात पक्षिमहोत्सव भरतो आणि दूरदूरचे लोक लोटतात. मला त्या महोत्सवापेक्षा त्याच्यामागची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. १९७६ सालापासून तेथे दर शरद ऋतूत, १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर, मोजणारा माणूस रोज एका मचाणावर उभा राहतो आणि जाणारे ससाणे, शिक्रे, गरुड एकेक करून मोजतो. महोत्सवास आलेल्या पाहुण्याला त्या आकड्यांच्या बळावर सांगता येते की, अमुक पक्षी वाढले, तमुक घटले.

आपल्या एकेका शाळेला एवढे करता येईल. किनाऱ्यावरची एक जागा ठरवावी, तीच जागा, तोच उंचवटा. महिन्यातून दोनदा, एकादशीच्या सकाळी वा आपणांस सोयीच्या अन्य तिथीस, अर्धा तास मोजावे. शंभर पानी वहीत तारीख, तिथी, वेळ, वारा, मोजणाऱ्यांची नावे, पक्ष्यांची संख्या, आणि ‘ओळखता आला नाही’ असाही एक रकाना असावा. हा शेवटचा रकाना कधीही रिकामा ठेवण्याचा आग्रह धरू नये. मुलांना खरे लिहिण्याची सवय त्यानेच लागते. शिक्षकांची बदली होते, मुले पुढच्या शाळेत जातात, वही शाळेतच राहावी. आता भ्रमणध्वनीवरून ‘ई-बर्ड’ या जागतिक नोंदसंग्रहात ही माहिती भरता येते, आणि १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेतही भाग घेता येतो. ज्यांना जमेल त्यांनी ते जरूर करावे. तथापि वही सोडू नये. दहा वर्षांपूर्वी या वाळूवर किती कोरल उतरत होते, या प्रश्नाला आज आपल्या बहुतेक गावांत लेखी उत्तर नाही. जेथे लेखी उत्तर नसते तेथे एखादा किनारा भरावाखाली जाताना ‘येथे कधी पक्षी नव्हतेच’ असे कोणीही म्हणू शकतो. उरणच्या बाजूस पाणथळ जागांचे काय झाले ते आपल्या डोळ्यांसमोर आहे.

नावांविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते. चितमपल्लींनी वनखात्यातील आपल्या नोकरीत जे मिळविले त्याचा मोठा वाटा आदिवासींकडून आणि विदर्भातील तलावांवर मासेमारी करणाऱ्यांकडून ऐकलेल्या शब्दांचा होता. ते ऐकत, विचारीत आणि लिहून ठेवीत. अशा आयुष्यभराच्या साठवणीतून ‘पक्षिकोश’ उभा राहिला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, २०२५ साली पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते निवर्तले. त्यांचे स्मरण करावयाचे तर त्यांच्या तसबिरीस हार घालण्याबरोबर त्यांची पद्धत उचलावी. कोळीवाड्यातील, आगरी पाड्यांतील आजोबा-आजींना किनाऱ्यावरच्या पाखरांची नावे ठाऊक असतात. कोणते पाखरू दिसले म्हणजे वारा फिरणार, कोणते घिरट्या घालू लागले म्हणजे खाली मासळीचा थवा आहे, हे त्यांच्या रोजच्या उद्योगाचे ज्ञान आहे. ते शाळेत आणल्याखेरीज आपल्या वर्गातील अर्ध्या मुलांना आपण काही जाणतो असे वाटणारच नाही. घरी बोललेला शब्द शाळेत चूक ठरतो, हा अनुभव घेतलेले मूल पुढे बोलेनासे होते. म्हणून वहीत पुस्तकी नावाशेजारी गावच्या नावाला एक रकाना द्यावा आणि त्यात मुलाने जसे ऐकले तसेच लिहू द्यावे. तेथे शुद्धलेखनाची लाल शाई नको.

काही गोष्टी टाळण्याच्या आहेत. बसलेला थवा उडविण्याचा मोह मुलांस होतो, आणि छायाचित्रासाठी मोठ्यांसही होतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला पुन्हा चरबी साठवावयाची असते. त्याचे प्रत्येक अकारण उड्डाण म्हणजे त्याच्या शिदोरीतील एक घास काढून घेणे होय. दुसरी गोष्ट, मांडव्याच्या बोटीतून प्रवास करणारे पुष्कळ लोक कुरवांना गाठ्या आणि शेव फेकतात. पक्षी बोटीमागे येतात, मुले आनंदतात, आणि भूतदया केल्याचे समाधानही मिळते. परंतु तळलेले, खारट, मसाल्याचे खाणे हे त्या पक्ष्याचे अन्न नव्हे. आपल्या विद्यार्थ्यांनी प्रवासात एवढे एक जरी आपल्या घरच्यांना सांगितले तरी सप्ताह कारणी लागला असे मी समजेन.

मुलांचे सांगणे मोठी माणसे ऐकत नाहीत, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी नागालँडमधील हकीकत सांगतो. अमूर ससाणा हा दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा पक्षी सैबेरिया आणि चीनच्या पूर्व भागातून आफ्रिकेच्या दक्षिणेस जातो. वाटेत दोयांग जलाशयाच्या परिसरात त्यांचे प्रचंड थवे उतरतात. २०१२ साली तेथे जाळी लावून हे पक्षी हजारोंनी मारले जात असल्याचे उघडकीस आले. पुढच्याच वर्षी, गावपंचायतींनी बंदी घातल्यावर आणि चर्च, शाळा, वनखाते, निसर्गसंस्था यांनी घरोघर समजावल्यावर, ती शिकार थांबली. ज्यांच्या पोटापाण्याचा त्यात भाग होता त्यांनीच ती थांबविली. २०१३ साली तेथून उपग्रह-यंत्र लावून सोडलेले ससाणे भारतीय द्वीपकल्प पार करून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेस पोहोचले. समुद्रावर त्यांना खावयास काय मिळत असावे? त्याच सुमारास आपल्या देशातून लक्षावधी चतुर वाऱ्यावर स्वार होऊन आफ्रिकेच्या दिशेने जातात, आणि ससाण्यांची ती शिदोरी असावी, असे संशोधकांचे अनुमान आहे.

हा ससाणा मला शेवटी मुद्दाम आणावासा वाटला, कारण समोर बसलेल्यांपैकी काहींच्या शाळा समुद्रापासून दूर, डोंगराच्या कुशीत आहेत आणि ‘आम्ही काय पाहावे’ असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळ्याच्या बाजूस, हे ससाणे दिसल्याच्या नोंदी आहेत; तेव्हा मुलांनी आकाशाकडे लक्ष ठेवावे. त्यांच्याही आधी, दसऱ्याच्या मागेपुढे, शेपटी सारखी वरखाली हलविणारा धोबी पक्षी तुमच्या शाळेच्या पटांगणावर येतो. कोणी त्याला परीट म्हणतात. तो प्रथम कोणत्या तारखेस दिसला आणि कोणत्या मुलाला दिसला, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. आणि फाल्गुन-चैत्रात तो अखेरचा केव्हा दिसला, तेही लिहावे. भाताच्या खाचरांवर तरंगणारे चतुर कोणत्या आठवड्यात सर्वांत अधिक होते, याची नोंद त्याच पानाच्या मागे करता येईल.